न लिहिलेल्या पुस्तकाची चोरी

देवराम पगारे टॉकीजमध्ये बसला की पडद्यावर काही चमचमायला लागायचा अवकाश, तो शेजारच्याच्या कानाशी वाकून म्हणायचा, "हे घेतलेलं आहे." शेजारचा ओळखीचा असो वा नसो. पुढच्या रांगेतून कुणीतरी "ओ, गप बसा की" म्हणून खेकसलं, तर देवराम आवाज खाली आणायचा आणि कुठून घेतलं तेही सांगायचा.

तसा माणूस गरीब. पाटबंधारे खात्यात कारकून, नाशिकरोडला दोन खोल्यांचं घर, बायको चांगुणा नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. पान नाही, तंबाखू नाही. नाद एकच, परग्रहावरच्या गोष्टींचा. तो लागला ओझरमुळे. ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला तेव्हा रशियातून इंजिनिअर आले होते. ते परत गेले आणि त्यांची पुस्तकांची खोकी रद्दीच्या दुकानात येऊन पडली. इंग्रजीत भाषांतर केलेली, जाड कागदाची पुस्तकं. कुठं मंगळावरची वस्ती, कुठं समुद्राखालचं शहर. दुकानदार ती पानं भजी बांधायला विकणार होता. कॉलेजात शिकणाऱ्या देवरामनं ती रद्दीच्या भावात उचलली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक करून वाचून काढली. तेव्हापासून जगात कुणी आकाशाकडे बोट दाखवलं, तरी देवरामला ते बोट कुठल्या तरी पानावर पाहिल्यासारखं वाटायचं.

सत्तरचं दशक सरता सरता नाशकात तो मोठा अमेरिकन सिनेमा आला. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून सगळे त्याला 'तबकड्यांचा सिनेमा' म्हणायचे. चांदवडचे शेतकरी मार्केटला कांदा उतरवायचे आणि तसेच तिकिटाच्या रांगेत येऊन उभे राहायचे. संवाद कुणालाच कळत नव्हते, पण तबकडी फुटली की टॉकीज शिट्ट्यांनी दणाणून जायचं.

देवरामनं तो सिनेमा पाहिला आणि त्याला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यानं एका सायंदैनिकाला लेख पाठवला. नायक अमुक रशियन कादंबरीतला, खलनायकाचं शिरस्त्राण तमुक गोष्टीतलं, म्हातारा गुरू आपल्या पुराणातला, आणि शेवटची लढाई घोडेवाल्यांच्या सिनेमातून उचलून घोड्यांच्या जागी तबकड्या घातलेल्या. संपादकाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण भांडण आहे एवढं कळलं. त्यानं लेख छापला. लोकांनी तो मिटक्या मारत वाचला. मग दर शनिवारी देवरामचं सदर यायला लागलं, 'मूळ कुठलं?'

सदरामागून भक्त आले. 'अंतराळ रसिक मंडळ' निघालं. रविवारी सकाळी शालिमारजवळच्या एका हॉटेलात मंडळी जमायची. त्यात वजनदार माणूस म्हणजे प्राध्यापक गोरक्ष कापडणीस. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, चष्मा कपाळावर सरकवून बोलायचे आणि माहीत नाही हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. मंडळाचा खेळ ठरलेला. एकानं म्हणायचं, हा सिनेमा पन्नास सालच्या पुस्तकावरून घेतलाय. दुसऱ्यानं म्हणायचं, ते पुस्तकच मुळी वीस सालच्या गोष्टीवरून चोरलंय. असं करत करत कुणीतरी महाभारत काढायचं आणि वाद बंद पडायचा, कारण त्याच्या मागं कुणाला जाता येत नव्हतं. शेवटी मंडळानं ठरावच केला, की महाभारत काढायचं नाही.

सिनेमा आवडला का, हे तिथं कुणी कुणाला विचारत नसे.

सगळ्यात जास्त रागावले होते रंगनाथशेठ बोरस्ते. टॉकीज त्यांचं. "हा पगारे माझ्या धंद्यावर उठलाय," असं ते येईल त्याला सांगायचे. पण पाचसहा सिनेमे होऊन गेल्यावर त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. देवरामनं ज्याला चोरी म्हटलं, तो सिनेमा हमखास चालायचा. सदर वाचून लोक चोरी पकडायला यायचे. बरोबर चारचौघांना आणायचे, पडद्याकडे बोट दाखवून "हेच ते, हेच ते" म्हणायचे आणि चोर सापडल्याच्या आनंदात घरी जायचे. मग शेठनं टॉकीजवर बोर्डच रंगवून घेतला, 'श्री. देवराम पगारे यांनी चोरी ठरवलेला भव्य चित्रपट.' देवरामला फुकट पास मिळायला लागला. मध्यंतरात त्याच्यासाठी चहा यायचा, आणि शेठ स्वतः विचारायचे, "मग, किती ठिकाणची आहे?"

"चार ठिकाणची तरी आहे," देवराम म्हणायचा.

"चारच?" शेठ जरा खट्टू व्हायचे.

त्र्याऐंशी साली उन्हाळ्यात एक हिंदी सिनेमा आला. नट अनोळखी, पोस्टर हातानं रंगवलेलं, दिग्दर्शकाचं नाव यादव आहिरे. यंत्रमाणसाचा सिनेमा होता. देवराम पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला गेला तेव्हा आत मोजकीच माणसं होती, त्यातली निम्मी पंख्यासाठी आलेली.

गोष्ट साधी होती. पुढच्या शतकातलं एक गाव. पाऊस कधीच बंद झालाय. खाणीत राबणारा एक यंत्रमाणूस मालकांनी जाताना तिथंच टाकून दिलाय. त्याच्या पोटात पाण्याची टाकी आहे, त्या पाण्यानं त्याचं अंग थंड राहतं. गावातले लोक त्याला भितात, दगड मारतात. शेवटी गावातली पोरं तहानेनं आडवी पडतात तेव्हा तो येतो, गुडघे टेकतो आणि पोटावरची तोटी उघडतो. बाया कळश्या लावतात. त्याचं अंग तापत जातं, लाल होतं, आणि निघायला म्हणून तो पाय उचलतो तो तसाच थांबतो. बस. सिनेमा संपतो.

यंत्रमाणूस पत्र्याचा होता. एका ठिकाणी आतल्या नटाच्या मनगटावरचा घड्याळाचा पट्टासुद्धा दिसत होता. पण देवराम शेजारी वाकला नाही. शेजारी कुणी नव्हतं हे खरं, पण असतं तरी वाकला नसता. दिवे लागले तरी तो बसून राहिला. डोअरकीपर जवळ येऊन म्हणाला, "साहेब, रडताय का काय?"

"उकडतंय," देवराम म्हणाला आणि रुमालानं तोंड पुसलं.

दोन दिवस त्यानं घरातली सगळी पुस्तकं खाली काढली, चाळली. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी त्यानं सदर लिहिलं: 'या चित्रपटाचं मूळ मला कुठंही सापडलं नाही. तो अस्सल आहे. जरूर पाहावा.'

झालं. त्या शनिवारपासून टॉकीजमध्ये कुत्रं फिरकेना. लोकांनी सरळ हिशोब केला, पगारेंना ज्यात काही सापडलं नाही, त्यात काही नसणारच. मंडळात तर सुतकच पसरलं. कापडणीस म्हणाले, "पगारे, तुमचं वाचन कमी पडायला लागलं."

रविवारी रंगनाथशेठ स्वतः नाशिकरोडला देवरामच्या घरी आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, टोपी मांडीवर ठेवली.

"पगारे साहेब, माझं काही चुकलं का?"

"नाही हो शेठ. का?"

"मग अस्सल कशाला म्हटलं? तुमचं काय घोडं मारलं त्या सिनेमानं?"

"अहो, आहेच तो अस्सल!"

"असंल. आपल्या घरात असंल. पण पेपरात कशाला?" शेठचा आवाज रडवेला झाला. "गुरुवारपर्यंत बघतो आणि काढतो. आता लोकांना व्हिडिओचं वेड लागलंय. मी रिकाम्या खुर्च्यांना सिनेमा किती दिवस दाखवू?"

"काढू नका शेठ. आठवडाभर तरी ठेवा."

"ठेवतो की. तुम्ही चोरी म्हणा, महिनाभर ठेवतो."

शेठ गेले. देवराम खिडकीशी उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा एक सिनेमा त्याला जिवापाड आवडला होता, आणि तो त्याच्याच कौतुकानं मरायला टेकला होता. चांगुणा सुपात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, चांगलं म्हटलं तर बघत नाहीत, वाईट म्हटलं तर बघतात, मग म्हणा वाईट. बघूदेत तरी."

"वाईट नाही म्हणायचं. चोरी म्हणायचं. आणि चोरी म्हणायची तर मूळ पुस्तक लागतं."

"मग काढा एखादं."

ती सहज बोलली, पण देवरामनं ते धरलं. त्या संध्याकाळी त्यानं शेठना, शनिवारचा पेपर येईपर्यंत सिनेमा ठेवा, असा निरोप धाडला आणि एक बल्गेरियन लेखक काढला. नाव दिलं स्तोयान पगारोव्ह. कादंबरीचं नाव 'तहानेचं यंत्र'. पगारोव्ह डोंगराळ भागात शिक्षक होता, त्याला राजानं तुरुंगात टाकलं, कादंबरी त्यानं तुरुंगात लिहिली, असं सगळं देवरामच्या हातून भराभर उतरत गेलं. लिहिताना त्याला जेवढी गंमत वाटली, तेवढी मूळ शोधताना कधी वाटली नव्हती. शनिवारी सदर आलं: 'माझी चूक झाली. हीसुद्धा चोरीच!'

चांगुणानं ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, हा पगारोव्ह तुमचा कोण लागतो? चुलतभाऊ?"

"हळू बोल," देवराम म्हणाला. "कुणाच्या लक्षात येईल."

कुणाच्याही लक्षात आलं नाही. सोमवारी टॉकीजवर रांग लागली. मंगळवारी ती रस्त्यापर्यंत आली. शेठनं बोर्डावर पगारोव्हचं नाव चढवलं, आणि पेंटरनं आपल्या मनानं त्याचं दाढीवालं चित्रही काढलं. एका वाचनालयात लोक ते पुस्तक मागायला लागले. तिथल्या बाईंनी दोनतीन दिवस "असलं काही नाही आमच्याकडे" म्हणून पाहिलं. मग लोक तोंडावर अडाणी म्हणायला लागल्यावर त्या "सध्या बाहेर गेलंय" असं सांगायला लागल्या.

खरी कमाल मंडळात झाली. रविवारी देवराम जरा बिचकतच हॉटेलात शिरला. कापडणीस चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"पगारे, उशिरा का होईना, पोचलात. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, पण म्हटलं बघू तुम्हाला कधी आठवतंय."

देवरामनं बशी खाली ठेवली. "तुम्ही वाचलंय ते?"

"कधीचंच! भाषांतर सुमार आहे. पण मूळ पुस्तक सिनेमाच्या कितीतरी वरचं. पुस्तकात ते यंत्र बाई असतं."

"नाही नाही," पलीकडून एक ओझरचे फोरमन म्हणाले, "बाई दुसऱ्या भागात. पहिल्या भागात पुरुषच आहे."

देवरामनं चहा पिऊन टाकला. त्याला दुसऱ्या भागाची कल्पना नव्हती.

सिनेमा पाचव्या आठवड्यात गेला तेव्हा एका दुपारी देवरामच्या दारात पस्तिशीचा एक किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. खांद्याला झोळी, पायात झिजलेल्या चपला, डोळे जागरणानं तांबारलेले.

"पगारे साहेब? मी यादव आहिरे. तो सिनेमा माझा."

देवराम दारातून मागं सरला. "या, या. आत या," म्हणून त्यानं खुर्ची पुढं केली. चांगुणानं चहाचं आधण ठेवलं.

यादव खुर्चीच्या कडेवर बसला. भांडायला आलाय असं वाटत होतं, पण त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. "साहेब, मला ते पुस्तक एकदा बघायचंय. मी ते वाचलेलं नाही. शप्पत घेतो. पण मुंबईत सगळे मला तेच विचारायला लागले, आणि आता माझी मलाच खात्री वाटंना. लहानपणी कुणी सांगितली असंल का ही गोष्ट? शाळेत कुठला मास्तर बोलला असंल? माणूस विसरतो ना. आणि मग त्याला वाटतं, आपल्यालाच सुचलं."

तेवढ्यात चांगुणा कप घेऊन बाहेर आली. तिनं यादवच्या हातात चहा दिला आणि समोर खाली बसली.

"भाऊ, मी परवा पाहिला तुमचा सिनेमा. मला एक सांगा. तो यंत्रमाणूस तोटी उघडायच्या आधी गुडघे का टेकतो? उभ्यानंच दिलं असतं की पाणी."

यादवनं कप खाली ठेवला. एवढ्या दिवसांत त्याला असलं काही कुणी विचारलं नव्हतं.

"ताई, मी नांदगावचा. आमच्याकडं पाण्याची बोंब. वडील रेल्वेत गँगमन. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की बाया कळश्या घेऊन रुळाच्या कडेला येऊन बसायच्या. सगळे ड्रायव्हर थांबत नसत. एक होता, काळू ड्रायव्हर म्हणायचे. तो सिग्नलच्या अलीकडं इंजिन उभं करायचा आणि टाकीची तोटी सोडायचा. पण तोटी उंच. बायांचे हात पोचायचे नाहीत. तर हा खाली उतरून रुळाच्या बाजूला गुडघे टेकून बसायचा, आणि माझी आई त्याच्या मांडीवर पाय देऊन कळशी लावायची. मी पोरगा होतो. मला वाटायचं, इंजिनच बसलंय."

चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. देवराम मात्र खुर्चीतून उठला. इतकी वर्षं तो जगाला मूळ कुठलं म्हणून विचारत होता, आणि आज मूळ त्याच्या घरात बसून चहा पीत होतं.

"आहिरे, ते पुस्तक नाही."

"कुणी नेलंय का?"

"नाहीच. कधी नव्हतं. पगारोव्ह म्हणजे मीच. तुमचा सिनेमा उतरवणार होते, तो चालावा म्हणून मी ते रचलं."

यादव खुर्चीतून अर्धवट उठला. "म्हणजे माझा सिनेमा चालावा म्हणून तुम्ही मला चोर केलं?"

"हो."

"साहेब, लोक येतात, पण आत काय बघतात ठाऊक आहे? मी काल मागं बसलो होतो. तोटी उघडली आणि माझ्या पुढचा माणूस बायकोला म्हणतो, हेच बघ, हेच त्यानं उचललंय." त्यानं चहाचा कप दूर सारला. "आणि आईला एसटीत कुणीतरी सांगितलं, तुझ्या पोरानं रशियाची गोष्ट चोरली. ती मला विचारती, यादव, आपलं पाणी रशियात कसं गेलं रे?"

"मी खरं छापतो," देवराम म्हणाला. "याच शनिवारी."

"टॉकीज रिकामं पडलं तरी?"

"पडलं तरी."

त्यानं छापलं. आडपडदा न ठेवता लिहिलं, पगारोव्ह नावाचा माणूस नाही, पुस्तक नाही, राजा नाही, तुरुंग नाही, सगळं माझ्या डोक्यातलं, आणि सिनेमा आहिरे यांचा स्वतःचा. संपादकानं दोनदा विचारलं, "नक्की?" मग खांदे उडवून छापलं.

त्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.

रविवारी मंडळात देवरामला उभं करून जाब विचारला गेला. कापडणीसांचा चेहरा दुःखी होता. "पगारे, किती घेतले त्या निर्मात्याकडून?"

"सर, एक पैसा घेतला नाही. अहो, पुस्तकच नाही!"

"पुस्तक नाही? मी वाचलंय ते!"

"अहो सर, पगारे, पगारोव्ह! माझंच नाव आहे ते!"

"योगायोग," कापडणीस शांतपणे म्हणाले. "त्या भागात हे आडनाव सर्रास असतं."

ओझरचे फोरमन हळहळले. "एवढा मोठा लेखक. तिकडं राजानं छळला आणि इकडं तुम्ही त्याला नाहीच म्हणताय. मेलेल्या माणसाची तरी लाज बाळगा."

देवरामला मंडळातून काढलं. पुढच्या महिन्यात सदर कापडणीसांकडे गेलं, आणि त्यांनी पहिल्या तीन लेखांत पगारोव्हच्या उरलेल्या कादंबऱ्यांचा परिचय करून दिला. रंगनाथशेठ तेवढे खूश राहिले. पगारेंना विकत घेण्याइतकं त्या सिनेमात आहे तरी काय, हे बघायला रांग आणखी वाढली होती. "तुम्ही काहीही लिहा साहेब," ते म्हणाले, "तुमच्या हाताला यश आहे." पण आता देवरामला लिहायचं नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं.

दिवाळीनंतर सिनेमा नांदगावला लागला. यादवचा निरोप आला, ताईंना घेऊन या. देवराम आणि चांगुणा गेले. तिथलं टॉकीज म्हणजे पत्र्याची शेड, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. यादवची आई, नवसाबाई, आपल्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन पुढं बसली होती. त्यांच्यातल्या एकीनंही सायंदैनिक पाहिलेलं नव्हतं.

यंत्रमाणूस गावात आला तशा म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या. त्यानं गुडघे टेकले आणि विठाबाई म्हणून एक होत्या, त्या उभ्याच राहिल्या. "अगं नवसे, हे तर आपलं इंजिन! हा काळू डायवर हाय!"

"मंग, मी काय म्हन्ले तुला?" नवसाबाई म्हणाली.

सगळ्या शेडभर गलका झाला. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी काळू ड्रायव्हरचा जयजयकार केला. यादव भिंतीला टेकून उभा होता, त्यानं तोंडावर हात धरला. देवरामनं बायकांच्या बाजूला पाहिलं. चांगुणा म्हाताऱ्यांमध्ये बसून बिनदिक्कत रडत होती. मग त्यानंही उकडतंय वगैरे काही म्हटलं नाही.

खेळ सुटल्यावर सगळे नवसाबाईच्या अंगणात आले. बाजेवर भाकरी, ठेचा, पिठलं मांडलेलं होतं. यादवला वाटलं, आता आया-बाया आपल्या गालावरून हात फिरवतील. विठाबाईंनी फिरवलाही. मग म्हणाल्या, "लय भारी केलं लेका. पन पानी चुकलं."

"पाणी?"

"किती नितळ दावलं. इंजिनाचं पानी तसं नव्हतं. काळं यायचं, कोळशाच्या वासाचं. फडक्यानं गाळून घ्यावं लागायचं."

"आन् तोटी डाव्या अंगाला व्हती," दुसरी म्हणाली.

"डाव्या नाय, उजव्या."

"तुला काय ठावं? तू तवा माहेरी व्हती."

बघता बघता अंगणात दोन तट पडले. यादव एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. शेवटी तो काकुळतीला येऊन देवरामजवळ सरकला. "साहेब, तुम्ही तरी काहीतरी सांगा यांना."

देवरामनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला.

"मी कशाला?" तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो." आणि त्यानं आणखी थोडं पिठलं वाढून घेतलं.